डायलिसिसच्या नोंदवहीत हाडांसाठीही रकाना हवा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांचे जिल्हा शल्यचिकित्सक यांस,

विषय : मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांच्या हाडांची तपासणी व त्यासंबंधीची औषधे मोफत डायलिसिस सेवेत समाविष्ट करण्याबाबत.

महोदय,

मी लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. माझी पत्नी गेली साडेचार वर्षे डायलिसिसवर असून मंगळवार, गुरुवार आणि शनिवार या तीन दिवशी आमचे घर पहाटे चारलाच जागे होते. हे उपचार आम्हाला मोफत मिळतात. जीवनदायी योजना २०१२ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत मराठवाड्यातला एकटा नांदेड होता. पुढे ती सगळ्या राज्याला लागू झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, आणि दरम्यान २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर होऊन जिल्हा रुग्णालयांतही डायलिसिसची यंत्रे येऊ लागली. ज्या आजारात आमच्या भागातली माणसे एके काळी शेत विकून सहा महिन्यांत संपत, त्याच आजारात आज माणूस वर्षानुवर्षे जगतो. हे ऋण मी आधीच नोंदवून ठेवतो. माझी तक्रार त्या जगण्याच्या पुढच्या भागाबद्दल आहे : डायलिसिसने मिळालेली वर्षे ज्या हाडांच्या आधाराने काढायची, त्या हाडांकडे पाहण्याचे काम आपल्या व्यवस्थेत कोणाकडेच दिलेले नाही.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीच्या संध्याकाळी, पत्नी ओसरीवरून अंगणात उतरत होती. पायरी जेमतेम वीतभर उंचीची. ती पडली म्हणून खुब्याचे हाड मोडले, असे गावात सगळे सांगतात आणि रुग्णालयाच्या कागदावरही तसेच लिहिलेले आहे. मी मात्र चार हातांवर बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावत उभा होतो, आणि मी पाहिले त्याचा क्रम उलटा होता. आधी वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज आला, मग तिने माझ्याकडे पाहिले, आणि मग ती खाली बसली. चार दिवसांनी शस्त्रक्रिया झाली. बाहेर येऊन हाडांच्या डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला : "गुरुजी, यांचा पीटीएच किती आहे?"

मला तो शब्दच माहीत नव्हता. तिथल्याच बाकावर बसून मी तोवरची सगळी फाईल चाळली. हिमोग्लोबिन होते, क्रिएटिनिन होते, पोटॅशियम होते, काविळीच्या आणि एचआयव्हीच्या तपासण्या होत्या. फॉस्फरस दोनदा सापडला. दुसऱ्यांदा तो ७.४ होता, म्हणजे प्रयोगशाळेनेच शेजारी छापलेल्या ४.५ या वरच्या मर्यादेपेक्षा बराच जास्त, पण त्या आकड्याखाली कोणी पेनाने रेघसुद्धा ओढलेली नव्हती. पीटीएच मात्र एकदाही नव्हता. खासगी प्रयोगशाळेत चौदाशे रुपये भरून आम्ही तो करून घेतला, तर आकडा आला १४८०. निरोगी माणसात तो साधारण १५ ते ६५ च्या दरम्यान असतो.

मूत्रपिंड म्हणजे रक्त गाळून लघवी तयार करणारी गाळणी, एवढेच मी तीस वर्षे मुलांना शिकवत आलो. हाडांचा कारभारही बराचसा तिथूनच चालतो, हे मला पत्नीचे हाड मोडल्यावर कळले. अन्नातून येणारा जादा फॉस्फरस मूत्रपिंडे बाहेर टाकतात, आणि उन्हातून किंवा गोळीतून मिळालेल्या डी जीवनसत्त्वाला प्रत्यक्ष काम करणारे रूप देण्याचा शेवटचा टप्पाही मुख्यतः तिथेच पार पडतो. मूत्रपिंडे थकू लागली की फॉस्फरस साठायला लागतो. तो घालवण्यासाठी हाडांतल्याच पेशी एफजीएफ-२३ नावाचे संप्रेरक जास्त सोडू लागतात, त्याने डी जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप आणखी घटते, आतड्यातून कॅल्शियम पुरेसे शोषले जात नाही, आणि रक्तातले कॅल्शियम उतरू लागताच गळ्यात थायरॉइडच्या मागे असलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी पॅराथायरॉइड संप्रेरक, म्हणजेच पीटीएच, भराभर तयार करू लागतात. रक्तातले कॅल्शियम सावरून धरणे हे त्या संप्रेरकाचे काम, आणि त्यासाठी ते हाताशी असलेल्या मोठ्या कोठारातून, हाडांतून, माल काढत राहते. पेवातून रोज पायलीभर ज्वारी काढावी आणि वरचे झाकण जागच्या जागी दिसावे, तसे हे वर्षानुवर्षे चालते, कारण रक्ताच्या अहवालात कॅल्शियम बहुधा ठीकच दिसत असते.

या काळात रुग्णाला काही होत नाही असे नाही. पण जे होते त्याला घरोघरी वेगळीच नावे मिळतात. अंगाला सुटणारी खाज रक्त अशुद्ध झाल्याची समजली जाते, कमरेचे आणि बरगड्यांचे दुखणे वाताचे ठरते, आणि जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागतो त्याला वय झाले म्हणतात. हाड मोडण्याआधीचे वर्षभर पत्नी पाटावर बसून जेवत नव्हती. उठवत नाही, एवढेच ती सांगायची, आणि मी प्लॅस्टिकची खुर्ची आणून देऊन माझे कर्तव्य संपले असे समजलो.

आता कोणी म्हणेल, हाडातले कॅल्शियम जाते तर कॅल्शियमच्या गोळ्या द्याव्यात, त्यात एवढे अवघड काय आहे? अवघड हे आहे की या आजाराची दोन टोके एकमेकांच्या विरुद्ध असतात. एका टोकाला पीटीएच भडकलेला असतो आणि हाड गरजेपेक्षा वेगाने मोडले-बांधले जात असते. दुसऱ्या टोकाला पीटीएच फार दाबला गेल्यामुळे हाडाची झीज आणि भर दोन्ही जवळजवळ थांबतात, आणि असे निपचित पडलेले हाडही तितकेच सहज मोडते. दोन्ही रुग्ण एकच वाक्य बोलतात, "हाडे दुखतात." पहिल्याला जे औषध लागते ते दुसऱ्याला बाधते, आणि दोघांपैकी कोणालाही मोजमाप न करता कॅल्शियम देत राहिल्यास ते हाडात न जाता रक्तवाहिन्यांच्या आणि हृदयाच्या झडपांच्या भिंतींत चुन्यासारखे बसू शकते. म्हणूनच केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००९ मध्ये या विकारासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१७ मध्ये त्या सुधारल्या, तेव्हा एका आकड्यावर विसंबू नये, आकड्यांचा कल पाहावा, असे त्यात आग्रहाने सांगितले. डायलिसिसच्या रुग्णांत कॅल्शियम आणि फॉस्फरस दर एक ते तीन महिन्यांनी, पीटीएच दर तीन ते सहा महिन्यांनी, आणि अल्कलाइन फॉस्फटेज, म्हणजे हाडांची मोडतोड-बांधणी किती वेगाने चालली आहे याचा अंदाज देणारा रक्तातला घटक, निदान वर्षातून एकदा तपासावे, असे त्यात म्हटले आहे. पीटीएच निरोगी माणसाच्या वरच्या मर्यादेच्या दोन ते नऊपट या पट्ट्यात राहावा अशी अपेक्षा आहे. माझ्या पत्नीचा बावीसपटींहून अधिक होता, आणि तो तिथे किती वर्षे बसला होता हे सांगायला मागचा एकही आकडा नव्हता.

महोदय, प्रत्येक डायलिसिस रुग्णाची एक नोंदवही असते. आमच्या केंद्रातल्या वहीत डायलिसिसच्या आधीचे वजन, नंतरचे वजन, रक्तदाब, किती पाणी काढले आणि सिस्टरची सही एवढे रकाने आहेत. ज्याला रकाना आहे ते माप न चुकता घेतले जाते, हे मी शिक्षक म्हणून खात्रीने सांगतो. शाळेच्या हजेरीपटातही आम्ही तेच भरले ज्याचा रकाना छापून आला. तंत्रज्ञांचा किंवा सिस्टरांचा मी अजिबात दोष काढत नाही. एका पाळीत इतके रुग्ण सांभाळून ती मंडळी सुई टोचतानाही हसून बोलतात, आणि पूर्णवेळ किडनीचे डॉक्टर तालुक्याला सोडाच, कित्येकदा जिल्ह्यालाही मिळत नाहीत. त्यात जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, त्यामुळे एका ठिकाणचे निदान दुसऱ्या ठिकाणच्या वहीत उतरेलच असे नाही.

हाडे कोणाच्याच वाट्याला नसल्यामुळे ती दुखू लागली की रुग्ण सापडेल त्या दाराशी जातो. पहिले दार मेडिकलचे. तिथली वेदनाशामक गोळी उरल्यासुरल्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करते. म्हशीला रोग आणि पखालीला इंजेक्शन म्हणतात त्यातला प्रकार, फक्त इथे पखालही फुटते. पत्नीच्या शेजारच्या खाटेवर डायलिसिस घेणाऱ्या बाई बीड जिल्ह्यातल्या आहेत आणि उमेदीची सगळी वर्षे ऊसतोडीला गेलेल्या आहेत. कारखान्यावर असताना कंबरेसाठी रोज एक गोळी घ्यायची सवय लागली ती आजही सुटलेली नाही, आणि ती गोळी कशाची आहे हे त्यांना कोणी विचारलेलेही नाही. पित्तावर म्हणून घेतल्या जाणाऱ्या काही पातळ औषधांत ॲल्युमिनियम असते. ते निकामी मूत्रपिंडांतून बाहेर पडत नाही आणि हाडांत जाऊन बसते, हे डायलिसिसच्या जगाला १९७० च्या दशकापासून माहीत आहे.

दुसरे दार हाडांच्या दवाखान्याचे. तिथे साठ हजार युनिटची डी जीवनसत्त्वाची पुडी मिळते. तिची गरज असूही शकते, परंतु तिला सक्रिय रूप देणारे मूत्रपिंडच थकलेले असल्याने केवळ तिच्यावर भागत नाही. याहून गंभीर गोष्ट आहे ती हाडांच्या ठिसूळपणावर सहा महिन्यांनी एकदा दिल्या जाणाऱ्या डेनोसुमॅब या इंजेक्शनची. ज्येष्ठ महिलांना ते सर्रास आणि चांगल्या हेतूने दिले जाते. मात्र डायलिसिसच्या रुग्णांत त्याने रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकते, आणि म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२४ मध्ये त्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला. आम्हालाही ते लिहून दिले होते. घेण्याआधी केवळ योगायोगाने ती चिठ्ठी डायलिसिसच्या तंत्रज्ञांच्या नजरेस पडली, आणि त्यांनी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. योगायोगावर अवलंबून राहण्याइतकी ही बाब किरकोळ नाही.

खाण्यापिण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आम्हाला मिळालेला आहारतक्ता कुठल्या तरी मोठ्या शहरात तयार झालेला होता आणि त्यात ब्रोकोली होती, भाकरी नव्हती. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये साधारण ६०० ते १००० मिलिग्रॅम फॉस्फरस निघतो. रोजच्या जेवणातून तेवढा तर एका दिवसात पोटात जातो. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक शोषला जातो असे धरले तरी आठवड्याची जमा आणि तीन डायलिसिसचा खर्च यांचा मेळ बसत नाही, आणि उरलेला फॉस्फरस अडवण्यासाठीच जेवणासोबतची गोळी असते. ही गोळी जेवताना, घासाबरोबर पोटात गेली तरच अन्नातला फॉस्फरस धरते. आम्हाला ती "दिवसातून तीनदा" अशी लिहून मिळाली होती आणि पत्नी ती सकाळी सहाला, दुपारी दोनला आणि रात्री दहाला, म्हणजे बहुतेक रिकाम्या पोटी, वर्षभर नेमाने घेत होती. सांगणाऱ्याचे एक वाक्य कमी पडले आणि वर्षभराची गोळी वाया गेली.

आमच्याकडचे जेवण मुळात वाईट नाही. डाळीतला आणि ज्वारीतला फॉस्फरस बराचसा अशा रूपात असतो की आतड्याला तो पूर्ण शोषता येत नाही, तर पाकिटबंद पदार्थांत मिसळलेला फॉस्फेटचा क्षार जवळजवळ सगळाच्या सगळा रक्तात जातो. म्हणून भाकरी-वरण सोडून बिस्किटे, पाव आणि टपरीवरचे काळे थंड पेय यांवर येणारा रुग्ण आगीतून फुफाट्यात पडतो. पाकिटाच्या मागे ३३८ ते ३४१ किंवा ४५० ते ४५२ यांपैकी आकडा दिसला की ते फॉस्फेट समजावे, एवढे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगता आले असते. ते वाचायला इंग्रजीही लागत नाही. शेंगदाण्याचे मात्र जपावे लागते, कारण शंभर ग्रॅममध्ये पावणेचारशे मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस असतो आणि आमच्याकडे कूट पडल्याशिवाय भाजी उतरत नाही. आणि वेळ अमावस्येचे काय करावे? लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावस्येला सगळे गाव शेतात असते. कोपीपुढे आंबिलाचा बिंदगा आणि भज्जीचे पातेले ठेवलेले असते. आंबील म्हणजे ज्वारीचे पीठ घातलेले ताक आणि पाणी, भज्जी म्हणजे कडधान्ये आणि पालेभाज्या, म्हणजेच द्रव, पोटॅशियम आणि फॉस्फरस तिन्ही एका पंगतीत. "खाऊ नका" असे सांगणारे बरेच भेटले. अर्धी वाटी भज्जी, उंड्याचा तुकडा, आंबिलाचे दोन घोट, आणि पहिल्या घासाबरोबर गोळी, असे सांगणाऱ्या आहारतज्ज्ञ बाई आम्हाला फार उशिरा भेटल्या.

पाण्याचा मुद्दा आमच्या भागापुरता वेगळा मांडावा लागतो. नांदेड आणि बीड जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त असल्याचे शासनाला जुनेच ठाऊक आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने लिटरमागे १ मिलिग्रॅमची मर्यादा घातली असून दुसरा स्रोत नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत मुभा ठेवली आहे. शरीरात आलेले फ्लोराईड बाहेर टाकण्याचे मुख्य काम मूत्रपिंडांचेच. ती निकामी झाल्यावर तेच पाणी पिणाऱ्या दोन माणसांपैकी आजारी माणसाच्या हाडांत ते अधिक साठते. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. डायलिसिसच्या यंत्राला जाणारे पाणी आरओमधून काटेकोरपणे शुद्ध केले जाते आणि त्याची नोंद ठेवली जाते, पण त्याच रुग्णाच्या घरी पाणी कोणते येते, हे विचारण्याची पद्धत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे गावागावांच्या पाण्याचे अहवाल असतात आणि रुग्णांच्या याद्या आपल्याकडे आहेत. दोन्ही कागद एकदा शेजारी ठेवून पाहावेत, यासाठी वेगळा निधीसुद्धा लागणार नाही.

यास्तव माझी विनंती अशी आहे की डायलिसिसच्या छापील नोंदवहीत कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि पीटीएच यांचे रकाने घालावेत आणि या तपासण्या वर सांगितलेल्या अंतराने मोफत कराव्यात. प्राथमिक आरोग्य केंद्रांतून रक्ताचे नमुने रोज प्रयोगशाळेकडे जातातच, त्यात ही भर अशक्य नाही. पीटीएचचा नमुना योग्य नळीत आणि थंड ठेवून पाठवावा लागतो, एवढे पथ्य पाळावे लागेल. आकडे नुसते लिहून उपयोग नाही, म्हणून छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड येथील वैद्यकीय महाविद्यालयांतल्या तज्ज्ञांनी महिन्यातून एकदा आपापल्या भागातल्या केंद्रांच्या वह्या वाचाव्यात, प्रत्यक्ष येणे जमत नसेल तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन वैद्यकीय सल्ला सेवेवरून. फॉस्फरस अडवणारी गोळी आणि सक्रिय डी जीवनसत्त्व केंद्राच्याच खिडकीवर मिळावे, आणि त्यात केवळ कॅल्शियमयुक्त गोळ्या नसाव्यात, कारण ज्यांच्या रक्तवाहिन्यांत आधीच चुना बसला आहे त्यांना सेव्हेलामरसारखा पर्याय लागतो आणि तो बाजारातून कायम विकत घेणे मजुराला परवडत नाही. रुग्णाच्या केसपेपरवर ठळक शिक्का असावा, की वेदनाशामक आणि हाडांची इंजेक्शने किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

आणखी एक. हे सगळे डायलिसिसपासून सुरू होत नाही. मूत्रपिंडांची गाळणक्षमता मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली गेली की हाडांचे आकडे पाहायला लागावे, असे त्याच सूचनांत म्हटले आहे. मधुमेह आणि रक्तदाबासाठी आरोग्य केंद्रात दर महिन्याला रांग लावणाऱ्या माणसांत असे किती जण असतील, हे त्यांच्या क्रिएटिनिनवरून हिशेब केल्यास समजू शकते. लहान मुलांत तर हाडे वाढायचीच असतात, त्यामुळे त्यांचे पाय वाकतात आणि उंची खुंटते. मूल डोळ्यांदेखत बुटके राहते आणि आई त्याला आणखी दूध पाजत राहते, ज्यात पुन्हा फॉस्फरस असतो.

सोबत आमच्या नोंदवहीच्या एका पानाची छायाप्रत जोडली आहे. त्यातले शेवटचे दोन रकाने मी पट्टी धरून पेन्सिलीने आखलेले आहेत; पहिल्यात या महिन्याचा फॉस्फरस ५.३ आणि दुसऱ्यात गेल्या तिमाहीचा पीटीएच ७१० असे आकडे आहेत. पत्नी वॉकर घेऊन ओसरीपर्यंत येते. पायरी मी काढून टाकून तिथे उतार करून घेतला आहे. शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या वहीतही मी तेच दोन रकाने आखून दिले आहेत. ते अजून कोरे आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
औसा तालुका, जि. लातूर